बेळगावच्या हवेत घरातील ऑर्किडची निगा

ऑर्किडला आठवड्यातून एकदा पाणी द्यावे, हा सल्ला रोपाबरोबर मिळणाऱ्या चिठ्ठीवर हमखास असतो आणि बेळगाव परिसरातील बहुतेक ऑर्किड याच सल्ल्यापायी मरतात. जुलै महिन्यात दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत आणि मार्चमध्ये तेच कपडे तासा-दीड तासात कडकडीत होतात, अशा गावात पाण्याचे वेळापत्रक बारा महिने एकच कसे असेल? शिवाय हा भाग हवेच्या दृष्टीने एक नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे. पश्चिमेला खानापूर, जांबोटी आणि मलप्रभेचा उगम असलेले कणकुंबी येथे पावसाळाभर भिंतींना ओल असते, तर पूर्वेला रायबाग, अथणीकडे गेल्यास काळी जमीन, कोरडा वारा आणि बोअरचे जड पाणी असा प्रकार आहे. म्हणून या लेखात दिवस मोजून काहीही सांगितलेले नाही. रोपाकडे, त्यातही मुळांकडे पाहून काय ठरवावे, एवढेच सांगायचे आहे.

कोणते रोप आणावे

रोपवाटिकांत आणि भेटवस्तूंच्या दुकानांत सर्वांत जास्त दिसते ते फॅलेनॉप्सिस. जाड, रुंद पाने, मधून निघालेला एक वाकलेला दांडा आणि त्यावर ओळीने बसलेली चपटी फुले, अशी त्याची ओळख. घरात, खिडकीपाशी वाढवायचे असेल तर हेच रोप घ्यावे, कारण त्याला ऊन कमी लागते आणि फुले दोन-तीन महिने टिकतात. डेन्ड्रोबियमच्या संकरित जाती त्याहून काटक असतात, परंतु त्यांना उजेड भरपूर हवा. गॅलरी किंवा पुढची पडवी असेल तरच त्या फुलतात. पिवळ्या बारीक फुलांचे ऑन्सिडियम या दोहोंच्या मधले आहे.

व्हॅंडा मोहात पाडते, पण तिची मुळे उघडी लोंबत असतात आणि त्यांना उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी लागते. खानापूर-लोंढ्याकडील परड्यात, झाडाच्या सावलीत ती सुखाने राहील. टिळकवाडीतील तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत तिचा सांभाळ म्हणजे रोजची नोकरी आहे. मोठ्या फुलांचे सिम्बिडियम मात्र घेऊच नये. ते हिमालयाच्या पायथ्याकडील थंड डोंगरांत वाढवलेले असते, आणि बेळगावला कोणी कितीही गरिबांचे महाबळेश्वर म्हटले तरी तेवढी थंडी येथे पडत नाही. एकदा फुललेले रोप पुढे नुसते गवतासारखे हिरवे राहते.

रोप निवडताना फुलांकडे शेवटी पाहावे. पाने टणक आहेत का, खोडाशी रोप हलते का, आणि कुंडी पारदर्शक असेल तर आतील मुळे हिरवी-पांढरी आहेत की तपकिरी, हे आधी पाहावे. सगळी फुले उमललेल्या रोपापेक्षा दोन-तीन फुले आणि बाकी कळ्या असलेले रोप घेतलेले बरे.

मूळ वाचता येणे

फॅलेनॉप्सिस मातीत वाढत नाही. रानात ते झाडाच्या सालीला धरून असते. पावसाचे पाणी सालीवरून वाहून जाते, मुळे भिजतात आणि थोड्या वेळात वाऱ्याने वाळतात. ही सवय मुळाच्या रचनेतच आहे. मुळाचा खरा गाभा तारेइतका बारीक असतो आणि त्याभोवती मृत पेशींचे जाड, सच्छिद्र आवरण असते. ते कोरडे असताना चंदेरी-पांढरे दिसते. पाणी पडताच काही क्षणांत पारदर्शक होऊन खालचा हिरवा रंग वर दिसू लागतो. टोकाचा सेंटीमीटरभर भाग कायमच हिरवा किंवा किंचित लालसर, चकचकीत असेल तर मूळ वाढत आहे. टोकही पांढरे होऊन बंद झाले असेल तर ते तूर्त थांबले आहे.

हा रंगबदल म्हणजेच पाण्याची खूण. कुंडीच्या आतील मुळे चंदेरी झाली की पाणी द्यायचे, हिरवी आहेत तोवर हात लावायचा नाही. कुंडीच्या आतल्या भिंतीवर पाण्याचे बारीक थेंब जमलेले दिसत असतील तर वरचे भरण, म्हणजे मातीऐवजी कुंडीत घातलेले तुकडे, कितीही कोरडे वाटो, आत ओल आहे असे समजावे. मूळ कुजले असल्यास ते तपकिरी होते आणि दोन बोटांत धरून ओढले की आवरण सालीसारखे निघून येते, हातात नुसती तार उरते.

यातील एक घोटाळा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाणी कमी पडले तरी पाने सुरकुततात, आणि पाणी जास्त होऊन मुळे कुजली तरी पाने सुरकुततात, कारण दोन्ही वेळा पानांपर्यंत पाणी पोहोचत नाही. माणसे पान मऊ दिसले की घाईने आणखी पाणी घालतात आणि उरलीसुरली मुळेही घालवतात. पान सुरकुतलेले दिसल्यास रोप कुंडीतून काढून आधी मुळे पाहावीत.

कुंडी आणि भरण

बाहेरून येणारी रोपे बहुधा शेवाळात, म्हणजे स्फॅग्नम मॉसमध्ये बसवलेली असतात. रोप दूरच्या प्रवासात सुकू नये म्हणून ती सोय असते. आपल्या पावसाळ्यात तीच घातक ठरते. वरून रोप सालीच्या तुकड्यांत लावलेले दिसले तरी फसू नये. बोटाने खोडाखाली चाचपून पाहिल्यास अनेकदा मधोमध शेवाळाचा मुठीएवढा घट्ट गोळा सापडतो. रोप लहान असताना ज्या पेल्यात वाढवले त्या पेल्याच्याच आकाराचा. बाहेरची मुळे कोरडी ठणठणीत आणि हा गोळा आत पंधरा दिवस ओला, अशी स्थिती असते, आणि कूज तेथूनच खोडात शिरते. फुले संपली की पहिले काम म्हणजे हा गोळा कोमट पाण्यात भिजवून, चिमट्याने थोडा थोडा करून काढून टाकणे.

नव्या भरणासाठी फार लांब जावे लागत नाही. लाकडी कोळशाचे सुपारीपासून अक्रोडाएवढे तुकडे, नारळाच्या सोडणाचे तेवढेच तुकडे आणि फुटक्या कौलांच्या खपल्या, या तीन वस्तूंवर काम भागते. खानापूर भाग कौले, विटा आणि मातीकामासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे; तेथे ग्रामीण कुंभारकामाचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्थाही आहे. मंगळुरी कौलांची घरे उतरवली जात असल्याने फुटकी कौले तर कोणत्याही गल्लीत मिळतात. कोळसा धुऊन भुकटी काढून टाकावी. सोडणात क्षार असतात, म्हणून त्याचे तुकडे तीन-चार दिवस पाण्यात ठेवून रोज पाणी बदलावे आणि लालसर पाणी येणे थांबल्यावरच वापरावेत.

प्रमाण मात्र गावाप्रमाणे बदलावे. खानापूर-जांबोटीकडे सोडण जवळजवळ वगळून कोळसा आणि कौल यांवरच भर द्यावा. बेळगाव शहरात दोन भाग कोळसा, एक भाग कौल आणि एक भाग सोडण ठीक. चिकोडी, अथणीकडे सोडणाचा वाटा निम्म्यापर्यंत वाढवला तरी चालते. पाइनची साल मिळत असेल तर ती सोडणाऐवजी वापरावी. ती जास्त दिवस टिकते. माती, शेणखत, गांडूळखत यांतले काहीही कुंडीत घालू नये, कारण ते मुळांभोवती बसून हवा अडवते.

कुंडी रोपाच्या मानाने लहानच हवी. चार किंवा पाच इंचांची, पारदर्शक, तळाला आणि बाजूंना भोके असलेली प्लास्टिकची कुंडी फॅलेनॉप्सिससाठी सर्वांत उत्तम. तशी न मिळाल्यास खाऊच्या पारदर्शक बरणीला तापवलेल्या खिळ्याने भोके पाडावीत. मातीची कुंडी लवकर वाळते, त्यामुळे पावसाळी भागात ती चांगली, परंतु आतील मुळे दिसत नाहीत आणि पुढे ती कुंडीला चिकटून बसतात.

कुंडी बदलण्यास फेब्रुवारी-मार्च हा काळ योग्य. तोवर बहुतेक फुले ओसरलेली असतात, नवी मुळे फुटू लागतात आणि मिरगापूर्वी रोपाला पाय रोवण्यास अवधी मिळतो. कात्री ज्योतीवर तापवून घ्यावी, कुजलेली मुळे कापावीत, टणक मुळांना धक्का लावू नये, आणि रोप बसवल्यावर चार दिवस पाणी न देता सावलीत ठेवावे. कुंडीबाहेर हवेत पसरलेली मुळे कुरूप दिसतात म्हणून कापण्याचा मोह काहींना होतो. ती तशीच राहू द्यावीत. भरण दर दीड-दोन वर्षांनी बदलावे.

पाणी, ऋतूप्रमाणे

पाणी नेहमी सकाळी द्यावे. कुंडी नळाखाली किंवा बादलीत धरून भरण पूर्ण भिजवावे, दहा मिनिटांनी सगळे पाणी निथळू द्यावे आणि मगच शोभेच्या बाहेरच्या कुंडीत ठेवावे. त्या बाहेरच्या कुंडीत तळाशी साचलेले अर्धा इंच पाणी कोणाच्या लक्षात येत नाही, आणि महिनाभरात खालची मुळे काळी पडतात. पानांच्या मधोमध शेंड्यात पाणी राहिल्यास कागदाच्या कपट्याने टिपून घ्यावे. फॅलेनॉप्सिसला वाढीचा शेंडा एकच असतो आणि तो कुजला की त्या खोडाची वाढ कायमची थांबते.

मृगापासून हस्तापर्यंतचे दिवस सर्वांत जोखमीचे. तरण्या-म्हाताऱ्या पावसाच्या दिवसांत हवा इतकी दमट असते की शहरातही आठ-दहा दिवस मुळे चंदेरी होत नाहीत आणि जांबोटीकडे दोन आठवडेसुद्धा होत नाहीत. तेवढे थांबावे. या काळात पाण्यापेक्षा वारा महत्त्वाचा आहे. खिडकी उघडता येत नसेल तर पंखा मंद ठेवावा, रोपे एकमेकांना खेटून ठेवू नयेत आणि भिंतीपासून वीतभर दूर सरकवावीत. पानावर पाणचट, पिवळसर कडा असलेला डाग दिसला आणि तो एक-दोन दिवसांत पसरू लागला तर तेवढा भाग निरोगी हिरव्यासकट कापून टाकावा आणि कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावावी. ही पूड मुळांना लागू देऊ नये, ती मुळे सुकवते. गॅलरीतील कुंड्यांत गोगलगायी शिरतात आणि कोवळी मुळांची टोके व फुलदांडा एका रात्रीत खातात. रात्री विजेरी घेऊन त्या वेचणे हाच खरा उपाय आहे.

दसरा-दिवाळीनंतर हवा कोरडी होते, तेव्हा पाच-सहा दिवसांत कुंडी वाळू लागते. डिसेंबर-जानेवारीत रात्री थंड असतात. तेव्हा गार पाणी न देता माठाबाहेरचे साधे, खोलीतल्या उबेचे पाणी द्यावे. मार्चपासून मात्र दुपारी हवेतील ओलावा फार घटतो. कोळसा-कौलाचे भरण दोन-तीन दिवसांत, अथणी-रायबागकडे कदाचित रोज, कोरडे पडते. खडी भरलेल्या पसरट ताटात पाणी ठेवून त्यावर कुंडी ठेवावी, परंतु कुंडीचा तळ पाण्याला टेकू देऊ नये. वळवाचा पाऊस सुरू झाला की पुन्हा हात आखडता घ्यावा.

पाणी कोणते, हाही प्रश्न आहे. शहरात राकसकोप आणि हिडकलचे नळाचे पाणी येते आणि ते चालते. बोअरच्या जड पाण्याने मुळांवर व भरणावर पांढरा थर बसतो आणि पानांची टोके जळतात. असे पाणी असेल तर वळचणीखाली पिंप ठेवून पागोळ्यांचे पाणी साठवावे. पहिल्या दोन-तीन पावसांचे पाणी छपरावरची धूळ घेऊन येते, ते सोडून द्यावे आणि पिंपाला डासांसाठी फडके बांधावे. शुद्धीकरण यंत्राचे गाळलेले पाणीही चालते, पण त्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी बोअरपेक्षा वाईट असते; काटकसर म्हणून ते ऑर्किडला घालू नये.

उजेड आणि खत

फॅलेनॉप्सिसला पूर्वेची खिडकी सर्वांत मानवते. सकाळचे आठ-साडेआठपर्यंतचे कोवळे ऊन पानांवर आले तरी चालते. पश्चिमेच्या खिडकीत मार्च ते मे पांढरा पडदा हवाच, नाहीतर पानावर आधी पांढुरका आणि मग काळा, वाळलेला चट्टा उठतो. पानावर हात ठेवून पाहावे. पान गरम लागत असेल तर रोप मागे सरकवावे. पाने गडद हिरवी, लांबट आणि लुळी होत असतील तर उजेड कमी पडतो आहे. ज्या खोलीत दिवसा दिवा लावल्याशिवाय वाचता येत नाही तेथे ऑर्किड जगेल, फुलणार नाही. डेन्ड्रोबियम गॅलरीत निम्मी सावली देणाऱ्या हिरव्या जाळीखाली ठेवावे.

खताबाबत मोठे काही सांगण्यासारखे नाही. खतांच्या दुकानात मिळणारे 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, वाढीच्या काळात दर दुसऱ्या पाण्याला, आधी साध्या पाण्याने मुळे भिजवून मग द्यावे. पिकाला देतात त्या मात्रेने दिल्यास मुळे करपतात. महिन्यातून एकदा नुसते पाणी भरपूर ओतून साचलेले क्षार धुऊन काढावेत. पावसाळी झडीत आणि कडाक्याच्या थंडीत खत बंद. पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात लपतो. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढावा आणि आठवड्याने पुन्हा पाहावे.

फुलदांडा कशाने येतो

दांडा येण्यासाठी फॅलेनॉप्सिसला काही आठवडे हवा साधारण 25 अंशांच्या खाली लागते. समुद्रकिनाऱ्यावरच्या दमट, उबदार गावांत लोक याचसाठी वातानुकूलन यंत्र लावतात. बेळगावकरांना ते फुकट मिळते. ऑक्टोबरपासून रात्री गार होऊ लागल्या की रोप खिडकीजवळच ठेवावे, कपाटावर किंवा स्वयंपाकघरात उबेला हलवू नये. पारा 12-13 अंशांच्या खाली जाणाऱ्या रात्री मात्र काचेपासून आत घ्यावे.

पानाच्या बुडातून नवे काही फुटले की ते मूळ आहे की दांडा, हे सुरुवातीस कळत नाही. मुळाचे टोक गोल, गुळगुळीत असते आणि ते खाली वळते. दांड्याचे टोक किंचित चपटे, एका बाजूला खाच असलेले असते आणि ते उजेडाकडे चढते. दांडा बोटाएवढा झाल्यावर कुंडीची दिशा बदलू नये, नाहीतर तो नागमोडी वाढतो. फुले उमलायला तीन महिन्यांच्या आसपास लागतात.

कळ्या पिवळ्या पडून गळाल्या तर लोक दृष्ट लागली म्हणतात. कारण बहुधा घरातच असते: जागा बदलली, कुंडी फार वाळली, किंवा शेजारी फळे पिकत होती. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि तो कळ्या व फुले गाळतो. एप्रिल-मेमध्ये ज्या खोलीत आंब्याची अढी घातली असेल तेथून फुललेले ऑर्किड तत्काळ हलवावे. केळ्यांचा घडही तितकाच वाईट.

रानातील ऑर्किडविषयी

खानापूर तालुक्यातील रानात आंब्या-फणसाच्या फांद्यांवर सीतेची वेणी मेच्या अखेरीस आणि जूनमध्ये फुलते, आणि ती घरी आणावी असे वाटणे साहजिक आहे. ती आणू नये. 2011 साली घोषित झालेल्या भीमगड अभयारण्यातून कोणतीही वनस्पती उचलणे हा गुन्हा आहे, आणि ऑर्किडच्या यच्चयावत जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावरील नियंत्रणाच्या यादीत आहेत. त्याहून व्यवहारी कारण असे की, फांदीवरून ओरबाडलेल्या रोपाची बहुतेक मुळे सालीलाच चिकटून राहतात आणि ते घरी येऊन वर्षभर हळूहळू मरते. उलट, आपल्याच परड्यातील आंब्यावर ऑर्किड असेल तर बांडगूळ समजून ते खरवडू नये. बांडगूळ झाडाच्या आत मुळे घालून रस शोषते. ऑर्किड फांदीवर केवळ बसलेले असते आणि झाडाचे काही घेत नाही. आपल्या आवारात वादळाने फांदी मोडून खाली आली असेल, तर ऑर्किड सालीच्या तुकड्यासकट काढून, त्याच उंचीवर आणि तेवढ्याच उजेडात दुसऱ्या खडबडीत सालीच्या झाडाला सुती दोरीने बांधावे. पावसाळ्यात मुळे नवी साल धरतात आणि दोरी यथावकाश आपोआप कुजून जाते.

फुले गळून गेल्यावर

फॅलेनॉप्सिसचा दांडा हिरवा असेल आणि रोप चार-पाच टणक पानांचे असेल, तर खालून तिसऱ्या पेराच्या किंचित वर दांडा कापावा; पुष्कळदा त्या पेरातून नवी, थोडी लहान फुलांची फांदी फुटते. रोप अशक्त असेल तर दांडा बुडाशी कापून त्याला विश्रांती द्यावी. वाळून तपकिरी झालेला दांडा ठेवण्यात अर्थ नाही. डेन्ड्रोबियमची गोष्ट वेगळी: त्याचे पाने गळालेले जुने कांडे मेलेले दिसले तरी त्यात साठा असतो आणि त्यावर पुन्हा फुले येऊ शकतात, म्हणून ते पिवळे पडून पूर्ण सुकेपर्यंत कापू नये. कधी कधी दांड्याच्या पेरावर फुलाऐवजी पाने असलेले छोटे पिल्लू येते. त्याला स्वतःची दोन-तीन इंच लांबीची दोन-तीन मुळे फुटेपर्यंत ते आईवरच राहू द्यावे, मग दोन्ही बाजूंनी दांड्याचा इंचभर तुकडा ठेवून कापावे आणि तीन इंचांच्या कुंडीत, बारीक तुकड्यांच्या भरणात लावावे. हे काम शक्यतो पावसाळ्यापूर्वी उरकावे.